घोड्याचा गोवर

हौसाआत्या साखर बारीक करायला बसली की आई मला काहीतरी निमित्त काढून विहिरीवर पिटाळायची. पाट्यावर वरवंटा फिरू लागला की साखरेची पांढरी धूळ उडायची. ती पाट्याच्या कडेला, आत्याच्या मनगटावर, तिच्या लुगड्याच्या निऱ्यांवर बसायची, आणि मी बोट ओलं करून ती टिपत सुटायचे. साखर तेव्हा रेशनवर मिळायची, घरात चहा गुळाचा व्हायचा, आणि साखरेची बरणी आईच्या डोक्याएवढ्या उंच फळीवर, माझा हात पोचणार नाही अशा जागी असायची. "पोरगी हाय का मुंगळा?" आई म्हणायची. आत्या मात्र आईची पाठ वळली की चिमूटभर साखर पाट्यावरून माझ्या बाजूला सरकवायची. माझ्या नातीकडे आता बिस्किटांवर नक्षी काढायच्या रंगांच्या नळ्या आहेत, विजेची भट्टी आहे, आणि तिच्या पिठीसाखरेच्या पुड्यात मी चमचा घातला तर तिला मधुमेह आठवतो. माझा, तिचा नव्हे.

आम्ही मळवलीला एका बंगल्याच्या मागच्या अंगाला राहायचो. दोन खोल्या, वर कौलं, पुढे शेणानं सारवलेली ओटी. बंगला मुंबईच्या लोकांचा, आणि माझे वडील, म्हणजे आबा, तिथे माळीकाम आणि राखण दोन्ही करायचे. मालक मंडळी नाताळात यायची. बाकीचं वर्षभर खिडक्या बंद, आणि त्या बागेची खरी मालकी आमची आणि वानरांची. पाठीमागे लोहगड आणि विसापूर, पुढे भातखाचरं, त्यांच्यापलीकडे रेल्वेचे रूळ. आबांच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, पण गाडीच्या आवाजावरून ते वेळ सांगायचे. गाडी उशिरा आली तर आमची जेवणंही उशिरा होत, आणि आई दोष इंजिनाला द्यायची.

हौसाआत्या आबांची धाकटी बहीण. देहूरोडला दिलेली. सासरा लष्कराच्या डेपोत कामाला, नवराही तिथेच लागलेला. किसन रांगत होता तेव्हा तिचा नवरा तापानं गेला. दिवसकार्य झालं आणि सासरच्यांनी सांगितलं, पोर आमच्या वंशाचं आहे, ते आमच्याकडे राहील, तुम्ही तुमची बहीण घेऊन जा. असं तेव्हा व्हायचं, आणि कुणाला त्यात मोठंसं नवल वाटायचं नाही. आबा भांडून आले, हात जोडून आले, परत भांडून आले. वर्षातून एखाद्या वेळी आत्या देहूरोडला जायची, पाहुण्यासारखी ओटीवर बसायची, लेकाला लांबून बघायची आणि संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत यायची. आली की पदर खोचून थेट भांड्यांना बसायची. त्या दिवशी आमची भांडी फार लख्ख निघायची, हे मला आठवतं.

बिस्किटं ती बंगल्यात शिकली. नाताळात मालकीणबाई स्वतः स्वयंपाकघरात उभ्या राहून बिस्किटं करायच्या, ताऱ्यांची, बदकांची, वर गुलाबी-हिरव्या साखरेचा लेप दिलेली. आत्या तिथे भांडी घासायला जायची आणि घासता घासता बघायची. तिला कुणी शिकवलं नाही, पण तिनं पाहिलेलं कधी वाया जायचं नाही. घरी भट्टी कुठली? तिनं इंद्रायणीची वाळू आणली, धुतली, वाळवली, मोठ्या पितळी पातेल्यात पसरली, वाळूवर ताटली ठेवली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. आधी दोन खेपा कोळसे झाले. आई म्हणाली, "हौसाबाई, म्हशीलासुदिक घालता यायची न्हाईत ही." पण तिसऱ्या खेपेला घरात जो वास सुटला, त्यानं आबा बागेतून खुरपं हातात घेऊनच आले. साच्यांसाठी आबांनी वनस्पती तुपाचा रिकामा डबा कापला, पत्र्याच्या पट्ट्या वाकवून बदक केलं, पोपट केला. घोडा करताना मात्र गणपती करायला जाऊन मारुती झाला. मान आखूड, पोट मोठं, शेपूट वर. आई म्हणाली, ही तर गाभण शेळी. आबा रागावले आणि दोन दिवस त्याला कुणी शेळी म्हणालं की उठून जायचे. शेवटी घरात ठरलं, की हा घोडाच.

किसन शाळेत जायला लागला त्या वर्षी फाल्गुनात त्याला गोवर आला आणि बराच लांबला. त्याची आजी कार्ल्याच्या एकवीरेला नवस बोलली. पोर बरं झालं, आणि वैशाखात ती नवस फेडायला येणार असं आबांना कळलं. कार्ल्याला यायचं तर उतरायचं मळवलीला, आणि मळवलीला उतरून आमच्या दारावरून तसंच जाणं तिलाही बरं दिसलं नसतं. आबा देहूरोडला जाऊन तिच्यापुढे बसले. म्हणाले, मावशी, सुट्टी आहे, चार दिवस पोराला ठेवा आमच्याकडे. म्हातारीनं बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाली, "रमलं तर ऱ्हाऊ दे. रडलं तर मी ठेवायची न्हाई. संध्याकाळच्या गाडीला परत." आबांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. एका दुपारी पोराला रमवायचं होतं, आणि पोर तिला ओळखतही नव्हतं.

आईनं शेंगदाण्याच्या लाडवांचं सुचवलं. आत्या म्हणाली, "वैनी, त्यो लष्कराच्या हद्दीत वाढलाय. क्यांटीनच्या काचंत रंगीत बिस्किटं बघतोय रोज. लाडवाला भुलायचा न्हाई." मग दोघींनी ठरवलं की रंगीत बिस्किटं करायची, बंगल्यातल्यापेक्षाही रंगीत. आबांनी बंगल्याच्या वाफ्यातली बिटं उपटली, त्यांच्या रसात साखर खलून गुलाबी लेप झाला. पालकाचा हिरवा झाला. मैदा लोणावळ्याच्या बाजारातून आला, तूप घरच्या म्हशीचं. पिवळ्याचं घोडं अडलं. आत्याला घोडे पिवळेच हवे होते. लेपात हळद घातली तर कच्चा वास येईल, म्हणून तिनं हळद घोड्यांच्या पिठातच मळली, म्हणजे भाजताना वास जाईल. हिशोब बरोबर होता. पण त्याच पिठात खाण्याचा सोडा होता, आणि घाईत तो नीट मिसळला नव्हता.

म्हातारी आणि किसन सकाळच्या गाडीनं उतरून परस्पर कार्ल्याला गेले, आबा त्यांच्याबरोबर. इकडे आत्यानं पातेल्याचं झाकण उचललं, आणि तशीच उभी राहिली. बदकं सोनेरी झाली होती, पोपट सोनेरी झाले होते, आणि घोडे पिवळे तर झाले होते, पण प्रत्येकाच्या अंगभर लाल ठिपके. मानेवर, पोटावर, त्या वर उचललेल्या शेपटीवरसुद्धा. आईनं वाकून बघितलं आणि म्हणाली, "हळद नि सोडा एका जागी आल्यावर कुंकूच व्हनार की वो. लुगड्याला हळद लागली, साबण लावला, की लाल व्हतंय, हे काय आज बघताय?" आत्याला ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत असतं. पण ती खाली बसली आणि चुलीकडे बघत म्हणाली, "माझ्या हातून याकबी धड व्हत न्हाई." मी तिला इतकी खचलेली कधी पाहिली नव्हती, आणि त्या घोड्यांचा मला फार राग आला. दुसरी खेप करायला साखरही नव्हती आणि वेळही. आईनं बदकं-पोपट लेप देऊन ताटात मांडले, आणि घोडे एका डब्यात घालून फडताळात ढकलले.

पाहुणे आले ते उन्हानं लाल होऊन. किसनची आजी उंच, हाडापेरानं मोठी, कपाळाला देवीचा भंडारा. ती ओटीवर बसली आणि किसन तिच्या पाठीमागे असा बसला, की आम्हाला त्याचं एक ढोपर तेवढं दिसत होतं. आत्यानं पाणी दिलं, ते तो आजीच्या हातून प्यायला. जेवायला बसला तर आजीच्याच ताटात. आईनं बदकांचं ताट पुढं केलं, त्यानं एक गुलाबी बदक उचललं, वास घेतला आणि परत ठेवलं. "क्यांटीनमधी हत्ती असत्यात," एवढंच म्हणाला. मी त्याला विहिरीवर बोलावलं, वानरं दाखवते म्हणाले, झाडावर चढून दाखवलं. तो आला नाही. थोड्या वेळानं त्यानं आजीच्या लुगड्याचा पदर ओढला आणि विचारलं, "घरला कवा जायाचं?" आत्या तेव्हा दारात उभी होती. तिनं ते ऐकलं, आणि आम्ही सगळ्यांनी ती ऐकतेय हेही पाहिलं.

ऊन उतरू लागलं. म्हातारीनं गाठोडं बांधायला घेतलं. वाटेत पोराला खायला काहीतरी द्यावं म्हणून आत्या आत गेली आणि फडताळातला तो डबाच घेऊन आली. एवीतेवी बदकांना तो शिवला नव्हता. तिनं डबा त्याच्यापुढे उघडून धरला. किसननं आत डोकावून पाहिलं, मग आजीच्या पाठीमागून पूर्ण बाहेर आला, दोन्ही हातांनी एक घोडा उचलला आणि उजेडात धरला.

"आजी, ह्याला गोवर आलाय."

आई तोंडाला पदर लावून आत वळली. म्हातारी म्हणाली, "व्हय रं बाबा. ठेव त्यात, गाडी यील."

"गोवर आल्यालं गाडीत न्ह्येत न्हाईत."

"अरं, बिस्किट हाय ते!"

"तूच म्हनलीस. येशीभाईर न्ह्यायचं न्हाई, देवी कोपती. मला गोवर आलता तवा तू मला जत्रंला न्हेलं न्हाईस."

म्हातारी अडकली. अंगावर नुकताच एकवीरेचा भंडारा, नवस याच आजाराचा, आणि नियम तिनंच शिकवलेला. तरी ती म्हणाली, "बरं, मग त्यो ऱ्हाऊ दे हितं. आपुन जाऊ."

किसननं घोडा छातीशी धरला. "मग त्याच्यापाशी कोन बसनार? माझ्यापाशी तू बसली व्हतीस."

म्हातारीनं गाठोड्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. मी आत्याकडे पाहिलं. ती "ऱ्हा" म्हणाली नाही, हात पुढे केला नाही. मला आज वाटतं, तिनं त्या वेळी एक शब्द जरी काढला असता तर म्हातारी उठून गेली असती. मुलगा गमावलेलं माणूस होतं ते, नातू कुणी मागितला की ती त्याला पदराखाली ओढायची. पण मागितलं नव्हतं कुणीच. शेवटी म्हातारी आबांना म्हणाली, "घोडा बरा हुईस्तवर ऱ्हाऊ दे. बरा झाला की सांगावा धाडा, मी यीन न्ह्यायला." आणि एकटी स्टेशनाकडे चालू लागली. आबा गाठोडं घेऊन तिच्या मागून धावले.

त्यानंतर आमच्या घरात खरोखरीचा गोवर आला. किसननं आजीचे सगळे नियम आम्हाला लावले. दाराला कडुलिंबाचा डहाळा. घोड्याची जागा अंधाऱ्या कोपऱ्यात, मऊ फडक्यावर, आणि मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाण्याच्या परातीत. मोठ्यानं बोलायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घरात फोडणी द्यायची नाही, कारण गोवराच्या घरात फोडणीचा वास चालत नाही. आबांना लसणाच्या फोडणीशिवाय आमटी गळ्याखाली उतरायची नाही. पहिल्या दिवशी ते पिवळं कोमट वरण बघून म्हणाले, "अरं भाच्या, घोड्याला कळतंय व्हय फोडणीचं?" किसन म्हणाला, "मामा, त्याचं डोळं दुकत्यात." आबांनी घास घेतला. मला खात्री आहे, ते दुपारी बंगल्याच्या मागे तीन दगडांची चूल करून मिरच्या परतायचे, कारण त्यांच्या मिशांना वास यायचा. आईनं तो ओळखला, पण किसनला कळू दिलं नाही. बाकीच्या घोड्यांना किसननं आजारी मानलं नाही, त्यांचे ठिपके म्हणे जुने होते. ते आम्ही खाल्ले. हळदीचे असूनही चांगले लागले.

घोड्यापाशी बसायचं काम किसनचं आणि आत्याचं. सुरुवातीला तो तिच्यापासून हातभर लांब बसायचा. मग ती घोड्याला गोष्ट सांगू लागली आणि गोष्ट ऐकायला तो जवळ सरकला. ती त्याला पाण्याला नेताना घोड्याची परवानगी विचारायची. करवंदं आणली तर पहिलं घोड्यापुढे ठेवायची. मग एक दिवस ती दोघं वाळू आणायला नदीवर गेली आणि तो तिच्या पाठीवर बसून आला, झोपलेला. मी तिला आत्या म्हणायचे, म्हणून तोही आत्या म्हणू लागला. मला ते फार लागलं. आईलाही. ती एकदा त्याला म्हणाली, "आत्या न्हवं रं, आई हाय ती तुजी." आत्यानं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वैनी. हाक तर मारतोय."

घोडा बरा होत नव्हता. ठिपके फिके पडायचे, पण सकाळी पाहावं तर एखादा नवा, ताजा लाल ठिपका उठलेलाच. कधी कानामागे, कधी खुरावर. किसन रोज उठल्या उठल्या तपासायचा आणि गंभीरपणे सांगायचा, "अजून हाय." एका पहाटे मला जाग आली तेव्हा आत्या कोपऱ्यात पाठमोरी बसली होती. वाटीत पाण्यात कालवलेला सोडा, हातात उदबत्तीची काडी. काडी बुडवून तिनं पिवळ्या पोटावर अलगद टेकवली आणि तिथे ठिपका लाल होत गेला. तिला माझी चाहूल लागली. तिनं वळून ओठांवर बोट ठेवलं. अंथरुणावर किसन कुशीवर झोपला होता, तोंड आमच्याकडे. मी मान हलवली आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. मला तेव्हा हसू येत होतं. आता आठवलं की हसू येत नाही. एका आईला आपलं पोर घरात राहावं म्हणून बिस्किटाला रोज आजारी पाडावं लागत होतं.

आमच्याकडून सांगावा काही गेला नाही. पण शाळा उघडायला आल्या आणि म्हातारी आपली आपणच आली, नवी पाटी घेऊन. किसन पळत जाऊन तिला बिलगला. आत्या ओटीच्या खांबाला धरून उभी राहिली. म्हातारी कोपऱ्यात जाऊन बसली, डबा मांडीवर घेतला, घोडा बोटांनी उलटापालटा केला. सात बाळंतपणं झालेली बाई ती, स्वयंपाकघरात जन्म गेलेला. ती काय समजायचं ते समजली. आत्याकडे बघत म्हणाली, "इतका लांबल्याला गोवर म्या माझ्या जन्मात बगितला न्हाई."

आत्यानं मान खाली घातली.

म्हातारीनं दाराच्या डहाळ्यातला लिंबाचा पाला तोडला, पाण्यात बुडवला आणि घोड्यावर चार थेंब शिंपडले. "न्हाला घोडा. देवी उतरली," ती आईकडे वळून म्हणाली. "आता आमटीला फोडनी द्या इहीनबाई, माज्या नातवाला उपाशी मारलंत काय." आणि मग, गाठोडं आवरता आवरता, जणू काही महत्त्वाचं नसल्यासारखं म्हणाली, "ह्यो आजार उलटतो कधीकधी. दिवाळीत उठला तर पोराला धाडीन. त्याच्याबिगर कोन बगनार त्याला?" आत्या आत गेली आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच होती ती.

आम्ही सगळे स्टेशनावर गेलो. पॅसेंजर आली, आबांनी दोघांना चढवून दिलं. किसनला खिडकी मिळाली. आत्या फलाटावर खिडकीखाली उभी होती, गजांतून हात घालून त्याच्या सदऱ्याची बटणं पुन्हा पुन्हा लावत होती. शिट्टी झाली. किसननं गजांना तोंड टेकवलं आणि तिला जवळ बोलावलं. मी तिचा पदर धरून होते, म्हणून मला ऐकू आलं.

"आत्या, ठिपकं तूच लावत व्हतीस. पाटंचं. म्या रोज बगायचो."

आत्याचा हात बटणावर थांबला. गाडीनं हिसका दिला. ती गाडीबरोबर चालू लागली.

"मग सांगितलं का न्हाईस रं कुनाला?"

"सांगितलं असतं तर घोडा बरा झाला असता की."